सीमेवरची भिंत आणि ख्रिस्तसभेची शिकवण



५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते. कागदपत्रांविना अमेरिकेत शिरलेले, तिथे पकडले गेलेले आणि हातापायांत बेड्या घालून परत पाठवलेले. बहुतेक जण पंजाब, हरियाणा व गुजरातचे. तिघे आपल्या महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही ह्या बातमीवर बोलणे झाले. बेड्यांचे सर्वांनाच वाईट वाटले. पण त्यापुढचे मत बहुतेकांचे एकच होते. कायदा मोडला, तर परत पाठवणारच. आमची मुले आखातात गेली, कॅनडात गेली, ती रीतसर व्हिसा काढून, रांगेत उभी राहून गेली. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरणाऱ्याची बाजू ख्रिस्तसभेने का घ्यावी?

प्रश्न रास्त आहे. 'परक्यावर प्रीती करा' एवढे सांगून तो सुटत नाही, कारण तो दयेइतकाच न्यायाचाही आहे. म्हणून आज आपण अमेरिका आणि मेक्सिको ह्यांच्यातील सीमेचा थोडा अभ्यास करू या. अमेरिकेत चोरवाटेने जाणारे आपले बरेचसे देशबांधव ह्याच सीमेवर पोहोचतात. शिवाय ह्या सीमेच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत, आणि दोन्ही देशांच्या बिशपांनी एकत्र बसून तिच्याविषयी विचार केलेला आहे.

भिंत कशी वाढली

ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे. १८४८ साली युद्धात हरलेल्या मेक्सिकोला आपला उत्तरेकडचा प्रचंड मुलूख अमेरिकेला द्यावा लागला, त्या तहातून ती बरीचशी ठरली. त्या मुलखात राहणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांनी कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांना ओलांडून दक्षिणेला गेली. त्यानंतरही माणसांचे येणेजाणे चालूच राहिले. १९४२ ते १९६४ ह्या काळात तर दोन्ही सरकारांनी करार करून लाखो मेक्सिकन शेतमजूर अमेरिकेच्या शेतांवर नेले. पुढे योजना बंद झाली, पण शेते तीच होती आणि पीक काढायला माणसे लागतच होती. पुरुष हंगामाला जात, चार पैसे गाठीला बांधून नाताळला घरी येत आणि पुन्हा जात. आपल्याकडची माणसे बोटीवर किंवा आखातात जाऊन सुटीला गावी येतात, तसेच हे.

१९९३ साली एल पासो शहरात आणि १९९४ साली सॅन डिएगोजवळ सीमा बंद करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. सॅन डिएगोचे सुरुवातीचे कुंपण लष्कराकडे पडून असलेल्या लोखंडी पत्र्यांचे होते. विमाने उतरवण्यासाठी जमिनीवर अंथरायचे हे पत्रे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले. २००६ साली सुमारे १,१०० किलोमीटर कुंपणाचा कायदा झाला. अध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या पहिल्या कारकिर्दीत बऱ्याच ठिकाणी जुने कुंपण काढून सुमारे ९ मीटर उंचीचे पोलादी खांब उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये भिंतीसाठी आणखी ४६.५ अब्ज डॉलर मंजूर झाले.

सुरुवातीच्या मोहिमेमागचा हिशेब साधा होता. शहरांतून जायची वाट बंद केली की माणसांना वाळवंटातून नाहीतर डोंगरांतून जावे लागेल, आणि तो प्रवास इतका खडतर आहे की ती नाद सोडून देतील. हा विचार १९९४ च्या सरकारी आराखड्यातच मांडलेला आहे. माणसांनी नाद सोडला नाही. ती ॲरिझोनातील सोनोरा वाळवंटात शिरली. तिथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वाट काही दिवसांची असते. तेवढे दिवस पुरेल इतके पाणी पाठीवर वाहून नेणे माणसाला शक्य नसते. टुसॉन शहर ज्या पिमा परगण्यात येते, तिथल्या शवचिकित्सा कचेरीकडे १९९० च्या दशकात अशा प्रवाशांचे मृतदेह वर्षाला दहा-पंधरा येत. २००० नंतर ही संख्या अनेक वर्षी दीडशेच्या वर गेली. संपूर्ण सीमेवर १९९८ ते २०१९ ह्या काळात अमेरिकी सीमारक्षक दलाच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे ७,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही फक्त सापडलेली माणसे. वाळवंटात देह फार काळ टिकत नाही.

इथे आपण थोडे थांबले पाहिजे. भिंत कोणाला मारत नाही, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि शब्दशः ते खरेही आहे. परंतु दार बंद करणे ही एक गोष्ट झाली. उरलेली वाट कुठे जाते हे ठाऊक असताना माणसांना तिकडे वळवणे, आणि त्या वाटेची भीती हेच आपले कुंपण मानणे, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिली राज्यकर्त्याच्या अधिकारात बसू शकते. दुसरी कशी बसेल, हे आम्हाला कळत नाही. भिंतीची उंची वाढवल्यानंतरही असेच झाले. सॅन डिएगोच्या रुग्णालयात भिंतीवरून पडून जबर जखमी झालेल्यांची संख्या २०१९ नंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांच्या पाचपटींहून जास्त झाली. चढणारे चढतच राहिले, फक्त पडायची उंची वाढली.

आणखी एक परिणाम झाला, तो कोणाच्याच मनात नव्हता. सीमा ओलांडणे महाग व जिवावरचे झाले, तसे हंगाम संपल्यावर गावी जाणारे पुरुष जाईनासे झाले. एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत येता येईल की नाही, ही धास्ती. मग त्यांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी ह्यांनी मेक्सिकन खेड्यांतील कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास करून हे दाखवून दिले आहे. १९९० साली अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे सुमारे ३५ लाख होते. २००७ साली ते सुमारे १ कोटी २२ लाख झाले. वाढीची कारणे अनेक आहेत, पण भिंतीने जेवढे बाहेर अडवले तेवढेच आत कोंडले, हे त्यातले एक मोठे कारण.

आणि तेच १९९४ साल पाहा. त्या वर्षीच्या १ जानेवारीला अमेरिका, मेक्सिको व कॅनडा ह्यांच्यातील मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोच्या बाजारात येऊ लागला आणि मक्यावर जगणाऱ्या लहान शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. त्याच्या मक्याला भाव नाही म्हणून तो उत्तरेकडे निघाला, तेव्हा ऑक्टोबरात सॅन डिएगोची मोहीम सुरू झालेली होती. मक्याला सीमा मोकळी, आणि मका पिकवणाऱ्याला बंद.

ख्रिस्तसभा काय म्हणते

ख्रिस्तसभा सगळ्या सीमा पुसून टाकायला सांगते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे तिने कधीही सांगितलेले नाही.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात एक चमत्कारिक जागा रिकामी राहिली आहे. कोणालाही आपला देश सोडण्याचा हक्क आहे, असे त्यात म्हटले आहे. परंतु दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात नाही. छळामुळे दुसऱ्या देशात आश्रय मागता येतो, एवढेच. म्हणजे घरातून बाहेर पडा, पण दुसरे कोणी दार उघडेलच असे नाही. पोप पायस बारावे ह्यांनी १९५२ च्या आपल्या पत्रकात इजिप्तला पळून गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हा सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श मानला. आणि १९६३ साली पोप जॉन तेविसावे ह्यांनी जागतिक शांततेवरील आपल्या परिपत्रकात ती रिकामी जागा भरली: रास्त कारण असेल तर माणसाला दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचाही हक्क आहे, कारण एखाद्या देशाचा नागरिक होण्याआधी तो मानवी कुटुंबाचा सदस्य आहे. पृथ्वी परमेश्वराने सर्वांसाठी निर्माण केली, ही शिकवण ह्याच्या मुळाशी आहे.

त्याबरोबर दुसरी बाजूही आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ संपन्न राष्ट्रांना त्यांच्या शक्तीप्रमाणे परक्यांचे स्वागत करण्यास बांधून घेतो. पण सर्वांच्या हितासाठी सरकार त्यावर अटी घालू शकते, असेही म्हणतो. येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत, त्याच्या वारशाचा मान राखावा आणि त्याचा भार उचलावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा आहे. पाहुण्याला कर्तव्ये नाहीत, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही.

२००३ साली अमेरिका व मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून एक पत्र काढले. त्यात पाच तत्त्वे आहेत आणि त्यांचा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पहिले तत्त्व असे की माणसाला आपल्या मायभूमीतच पोट भरण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे सर्वांत आधी येतो तो घरीच राहता येण्याचा हक्क! पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीही ह्या हक्कावर भर दिला होता. ते जमले नाही, तर स्वतःच्या व कुटुंबाच्या पोटासाठी दुसरीकडे जाण्याचा हक्क. मग तिसऱ्या जागी, अगदी मधोमध, देशाचा आपल्या सीमांवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क. चौथे, जिवाच्या भीतीने आश्रय मागणाऱ्यांना संरक्षण. आणि पाचवे, कागदपत्रे नसलेल्या माणसाचीही प्रतिष्ठा व मूलभूत हक्क जपणे. आपले १०४ जण बेड्यांत आले, ते ह्या पाचव्या तत्त्वाशी ताडून पाहावे. परत पाठवणे हा एका सरकारचा निर्णय असू शकतो. पण ज्याने कोणावर हात उगारला नाही, त्याला हातापायांना साखळदंड घालून तासन्‌तास बसवणे कोणत्या गरजेतून येते?

सरकारच्या बाजूने जे म्हणता येते, तेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. २०२३ च्या आर्थिक वर्षात ह्या सीमेवर अधिकाऱ्यांनी सुमारे २५ लाख वेळा माणसे अडवल्याची नोंद आहे. एल पासोसारख्या शहरातील निवारे भरून वाहत होते. माणसांची ने-आण करणाऱ्या टोळ्या एकेकाकडून हजारो डॉलर उकळत होत्या आणि बायकामुलींवर वाटेत अत्याचार होत होते. कोणतेही जबाबदार सरकार हे बघत बसू शकत नाही. २०२५ साली ओलांडणाऱ्यांची संख्या एकदम खाली आली, १९७० नंतर कधी नव्हती इतकी. पण हे केवळ भिंतीने झाले नाही. २० जानेवारी २०२५ पासून सीमेवर आश्रय मागण्याची वाटच जवळजवळ बंद करण्यात आली. ज्यांना मोबाइलवरून रीतसर भेटीची वेळ मिळालेली होती आणि जे महिनोन्‌महिने मेक्सिकोत थांबून होते, त्यांच्याही भेटी त्याच दिवशी रद्द झाल्या. ही माणसे तर रांगेतच उभी होती.

आपल्या मुलांची रांग आणि त्यांची रांग

आता रांगेचाच प्रश्न घेऊ. आपली मुले रांगेत उभी राहिली, कारण त्यांच्यासाठी रांग होती. कोणी परिचारिका, कोणी वेल्डर, कोणी संगणकाचे शिक्षण घेतलेला. होंडुरास किंवा ग्वाटेमालातील शेतमजुराने अमेरिकेत नोकरीच्या आधारावर कायमचे राहायचे म्हटले, तर अकुशल कामगारांसाठी कायद्याने ठेवलेल्या जागा वर्षाला जास्तीत जास्त १०,००० आहेत. त्याही साऱ्या जगासाठी. हंगामी शेतीकामाचे तात्पुरते परवाने वेगळे आहेत, पण ते मालकाने मागवावे लागतात. तेव्हा 'रांगेत या' असे त्याला सांगताना ती रांग कुठे आहे, हेही सांगायला हवे.

ह्याचा अर्थ चोरवाट बरी, असा कोणी घेऊ नये. पंजाब-गुजरातकडे 'डंकी' म्हणतात त्या वाटेने जाणारा तरुण जमीन विकून किंवा कर्ज काढून दलालाला लाखो रुपये देतो आणि पनामाच्या जंगलातून चालत जातो. त्याच्यापाशी बहुधा दुसरा पर्याय असतो. गुंडांनी भावाला मारले म्हणून पळालेल्या होंडुरासच्या मुलाची गोष्ट निराळी. दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय नव्हे. पण कोण कोणता, हे ओळखायचे तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आणि भिंतीला कान नसतात. ऐकायला दार लागते, दारावर माणूस लागतो.

नहेम्या आणि रूथ

२०१७ साली अध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या शपथविधीच्या सकाळी झालेल्या उपासनेत प्रवचनकारांनी नहेम्याचा दाखला दिला होता: देवाने नहेम्याला भिंत बांधायला सांगितले, म्हणजे देव भिंतींच्या विरुद्ध नाही. दाखला खरा आहे. नहेम्याने उद्ध्वस्त यरुशलेमचा तट ५२ दिवसांत पुन्हा उभारला, आणि ते चांगलेच काम होते. पण ते पुस्तक पुरते वाचावे. तिसऱ्या अध्यायात तट कोणी बांधला ह्याची यादी आहे, ती बरीचशी वेशींची यादी आहे: मेंढरांची वेस, मासळीची वेस, झऱ्याची वेस. प्रत्येक वेशीला दारे, कड्या व अडसर. वेस ही येण्याजाण्यासाठीच असते. आणि पाचव्या अध्यायात, काम अर्धवट असतानाच, गरिबांचा आक्रोश उठतो. त्यांची शेते गहाण पडलेली आहेत, मुलेमुली गुलामीत जात आहेत, आणि सावकार आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो आणि आधी गहाण जमिनी परत करायला लावतो. बाहेरच्या शत्रूपासून वाचवणारा तट आतल्या अन्यायापासून वाचवत नाही, हे त्याला लगेच समजले.

दुसरे पुस्तक रूथचे. मवाबी लोकांना परमेश्वराच्या मंडळीत कधीही घेऊ नये, असा स्पष्ट नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. रूथ मवाबी होती. विधवा, गरीब, सासूबरोबर परदेशात आलेली. पण त्याच नियमशास्त्रात दुसराही नियम होता: शेत कापताना राहून गेलेली पेंढी परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी सोडावी. बवाजाने हा दुसरा नियम पाळला आणि मजुरांना थोडे जास्तच सांडायला सांगितले. रूथ दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव मुद्दाम नोंदवले आहे. बवाजाने कायदा मोडला नाही. कायद्यातले कोणते कलम आधी वाचायचे, हे त्याला माहीत होते.

व्हॅटिकनलाही तट आहेच की, असे कोणीतरी नेहमी म्हणते. आहे. सन ८४६ च्या हल्ल्यानंतर पोप लिओ चौथे ह्यांनी तो बांधला. डिसेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनने बेकायदा शिरकावासाठीची शिक्षाही वाढवली. हे लपवण्याचे कारण नाही. सीमा राखण्याचा हक्क ख्रिस्तसभा मान्य करते, तो ती स्वतःही वापरते. पण संत पेत्राच्या चौकात रोज हजारो लोक पासपोर्टावाचून येतात-जातात, हेही पाहावे.

कुंपणापाशी मिस्सा

१ एप्रिल २०१४ रोजी ॲरिझोनातील नोगालेस येथे बोस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली व काही बिशपांनी सीमेच्या कुंपणाला लागून मिस्सा अर्पण केली. वाळवंटात मेलेल्यांसाठी ती मिस्सा होती. पवित्र कम्युनियनच्या वेळी पलीकडच्या मेक्सिकन भाविकांनी खांबांच्या फटींतून हात पुढे केले आणि कार्डिनलांनी त्या हातांवर ख्रिस्तशरीर ठेवले. तिथेच मेक्सिकोच्या बाजूला २००९ पासून येशूसंघीय धर्मगुरू, धर्मभगिनी व स्वयंसेवक परत पाठवलेल्यांना गरम जेवण वाढतात. एल पासोत तर १९७० च्या दशकापासून कॅथोलिक स्वयंसेवक एक निवारा चालवतात. सीमारक्षक अधिकारीच मोकळ्या केलेल्या कुटुंबांना तिथे आणून सोडत. २०२४ साली टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी तो निवारा बंद करण्यासाठी कारवाई सुरू केली.

सीमारक्षकांना खलनायक ठरवू नये, हेही जाता जाता सांगतो. त्या दलातील जवळजवळ निम्मे जवान लॅटिन अमेरिकन वंशाचे आहेत; पुष्कळ जण रविवारी त्याच चर्चमध्ये त्याच बाकांवर बसतात. वाळवंटात तहानेने पडलेल्याला उचलून रुग्णालयात नेणारेही बऱ्याचदा तेच असतात.

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी सीमेला लागूनच असलेल्या मेक्सिकोच्या हुआरेस शहरात मिस्सा अर्पण केली. त्याआधी ते नदीकाठी उभारलेल्या क्रुसापाशी गेले आणि अमेरिकेकडे तोंड करून काही न बोलता प्रार्थना केली. त्यानंतर विमानात पत्रकारांशी बोलताना, जो केवळ भिंतीच बांधण्याचा विचार करतो आणि पूल बांधत नाही तो ख्रिस्ती नव्हे, अशा अर्थाचे ते बोलले आणि जगभर गदारोळ झाला. त्यातला 'केवळ' हा शब्द बातम्यांत बऱ्याच ठिकाणी गळून गेला होता. आपले सध्याचे पोप लिओ चौदावे शिकागोत जन्मले, पेरूत मिशनरी म्हणून गेले आणि २०१५ साली त्या देशाचे नागरिक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा खास संदेश प्रसृत केला, तेव्हा पोप महोदयांनी त्याला पाठिंबा दिला.

छोट्या समूहांच्या सभेसाठी

येत्या आठवड्यात वाडीवाडीतल्या समूहांनी हा विषय घ्यावा. रूथचे पुस्तक चारच अध्यायांचे आहे, ते घरी वाचून यावे. नहेम्याचा पाचवा अध्याय सभेत एकाने मोठ्याने वाचावा. मग बोलावे. आपल्या घरातले कोणी परदेशी गेले, तेव्हा तिथे त्यांना पहिल्यांदा दार कोणी उघडले? आपल्या गावात राहून पोट भरता येईल, अशी स्थिती आपण आपल्या तरुणांसाठी ठेवली आहे का, की जमीन विकून त्यांना आपणच बाहेर ढकलतो? आणि आपल्या चाळींत भाड्याने राहणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांविषयी आपण आपसात कोणत्या शब्दांत बोलतो? तरुणांना ह्यावर वेगळे वाटत असेल तर त्यांना अडवू नये, बोलू द्यावे.

ज्यांची मुले, मुली, पती परदेशी कामाला आहेत, त्यांनी नावे शनिवारी संध्याकाळपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावीत. पुढील रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती वाचली जातील. त्यांच्याबरोबर सोनोराच्या वाळवंटात ज्यांची ओळखही पटली नाही, त्यांच्यासाठीही प्रार्थना होईल.